चाकावरचा हात

त्या गल्लीत त्याला सगळे धाकटा म्हणत. केस पांढरे झाले, गुडघे कुरकुरायला लागले, वाकून उठताना तोंडातून आपोआप 'हुश्श' निघायला लागलं, तरी धाकटाच. ज्यांनी हे नाव पाडलं त्यांतले कितीतरी गल्ली सोडून गेले, पण नाव काही त्यांच्याबरोबर गेलं नाही. गाडीवाला नवा असो की जुना, गेटातून हाक यायची ती, "धाकटे आहेत का आत?" अशीच. आता आत थोरलं कुणी नाही, हे हाक मारणाऱ्याच्या मनातही यायचं नाही.

थोरली म्हणजे आक्का, त्याची बहीण. वर्कशॉप खरं तिचं. वडील दारांच्या कड्या नि नळ पॉलिश करायचे. ते गेल्यावर तिनं त्याच शेडमध्ये गाड्यांची अलॉय, म्हणजे ॲल्युमिनियमची ओतीव, चाकं दुरुस्तीला घ्यायला सुरुवात केली. खरचटलेली, कडा उडालेली, गंजलेली. ही चाकं लोखंडासारखी तांबडी गंजत नाहीत. त्यांचा गंज पांढरा, मिठासारखा. एखादा खडा उडून वरच्या वार्निशाला टोचा पडला, की तेवढ्या भोकातून ओल आत शिरते, आणि मग वार्निशाच्या खालून पांढरी अळी चालावी तशी रेघ सरकत जाते. वरून हात फिरवावा तर गुळगुळीत, आत सगळं पोखरलेलं. आक्का म्हणायची, "माणसं पण असलीच असतात रे काही," आणि स्वतःच हसायची.

तर एका सकाळी एक नर्सबाई आल्या. घरोघरी जाऊन आजारी माणसांचं बघणाऱ्या. गाडी छोटी, धुळीनं माखलेली. पण चाकं एकेकाळी झगमगीत असणार, हे धुळीतूनही कळत होतं. बाई उतरल्या त्याच मुळी बोलत.

"चारी चाकं तुमच्याकडूनच केली होती हो. तीन गुणी निघाली, हे एक वाया गेलेलं. एक दिवसाआड हवा भरते. पंक्चरवाल्यानं टायर उलटासुलटा करून बघितला. म्हणाला, पंक्चर नाही बाई, तुमचं चाकच उसासे टाकतंय."

धाकटा हसला. हसून त्याला बरेच दिवस झाले असावेत, कारण गाल जरा अवघडले.

"तुम्ही हसताय," बाई म्हणाल्या, "काल एका आजोबांना ऑक्सिजन लावायला निघाले, तर चाक जमिनीला टेकलेलं. पायपंप मारमारून कशीबशी पोचले. आजोबा म्हणतात, बाई, धाप तुम्हाला लागलीय, नळी मला कशाला लावता? त्यांनी हसण्यावारी नेलं. पण मला घाम फुटला होता. उशीर झाला असता तर?"

"बघू या," धाकटा म्हणाला. गाडी जॅकवर घेतली, चाक उतरवलं, टायर सोडवला.

"त्या बाई कुठंयत? त्यांनी मला खुर्ची दिली होती बसायला. आणि खुर्चीच्या आधी सतरा सूचना."

"आक्का. बऱ्या नसतात हल्ली."

"अगंबाई," नर्सबाई म्हणाल्या.

धाकट्यानं फडक्यानं चाकाची कड पुसली. धूळ गेली आणि त्याचा हात जागच्या जागी थांबला.

चाकाच्या कडेवर, स्वच्छ वार्निशाच्या खाली, चार बोटं उमटली होती. पांढरी, गंजाची. कुणीतरी चाक उचलायला कड मुठीत धरावी तशी, शेजारी शेजारी. कडेला वळसा घालून आतल्या अंगाला अंगठा होता. जिथं टायरची कड चाकाला घट्ट बसते नेमकी तिथं धातू खरबरीत होऊन फुलला होता. हवा निसटत होती ती त्या अंगठ्याखालून. आणि चार बोटांतलं मधलं बोट शेजारच्या दोघांपेक्षा आखूड होतं.

आक्काच्या उजव्या हाताचं मधलं बोट लेथनं नेलं होतं. सगळं नव्हे, पहिलं पेर. ती म्हणायची, कर म्हणून घेतलं मशीननं, आता पुन्हा मागणार नाही.

"काय झालंय?" नर्सबाईंनी विचारलं.

"गंज," तो म्हणाला. "आमच्याच कामातली चूक आहे. चारी चाकं ठेवून जा, आम्हीच नीट करून देतो. तोवर साधी लोखंडी चाकं लावून देतो तुम्हाला."

"पण होती तश्शीच चकचकीत करा हं. गाडी बघताय ना माझी. पेशंटच्या दारात निदान चाकं तरी टवटवीत दिसावीत."

"बघतो," तो म्हणाला. बाई लोखंडी चाकांवर खडखडत गेल्या. धाकटा मात्र त्या चाकाशी उकिडवा बसून राहिला. गुडघे कुरकुरले, त्यानं ऐकलं नाही.

*

आक्काची एक खोड होती. चाक ब्लास्टिंगमधून, म्हणजे बारीक दाण्यांच्या फवाऱ्यातून निघालं, कोरं झालं, की त्याला उघडा हात लावायचा नसतो. हातमोजे घालायचे. घामात मीठ असतं, तेल असतं. ते धातूवर बसलं आणि वर रंग चढला, की आत अडकतं, आणि वर्ष-दोन वर्षांनी डोकं वर काढतं. हे त्या धंद्यात पोरासोरांना ठाऊक. आक्काला नव्हतं असं नाही. पण ती हातमोजा काढायचीच. डोळे मिटून बोटांच्या टोकांनी चाक चाचपायची. डोळ्याला न दिसणारा खड्डा तिच्या बोटाला सापडायचा.

"हातमोजा घाल, आक्का. घामात मीठ असतं."

"तुझ्या असेल. माझ्या घामात साखर आहे."

"मग मुंग्या लागतील चाकाला."

"लागू देत. गिऱ्हाईक कशाला आलंय ते तरी बघतील."

आणि मग ती थिनरचा बोळा घ्यायची नि जिथं जिथं हात फिरवला तिथं तिथं पुसायची. एकदा उलट्या हातानं, एकदा सुलट्या. पुसता पुसता स्वतःशी गुणगुणायची, जात्यावर बसल्यासारखी:

*हात झाले काळे बाई, चाक झालं गोरं,*
*बंधवाच्या माझ्या ध्यानी राहीना गं सारं.*

"माझ्या ध्यानात सगळं राहतं," धाकटा पलीकडून ओरडायचा.

"हो का? मग काल भट्टीचं बटण कोणी चालू ठेवलं, शेजाऱ्यानं?"

इतक्या वर्षांत तिनं पुसलं नाही असं एकदाही झालं नव्हतं. आणि या चाकाला झालं होतं. धाकटा आठवत राहिला. त्याच सुमाराला कधीतरी ती चहाला साखर दोनदा घालायला लागली होती. एकदा बाजारातून आली ती रिकामी पिशवी घेऊन, आणि पिशवीकडेच रागानं बघत राहिली होती. तो हसला होता तेव्हा. वय झालं तुझं आक्का, म्हणाला होता. विसरणं तिच्या घरात पाऊल टाकत होतं तेव्हा त्यानं दार उघडून धरल्यासारखंच झालं होतं. त्याच दिवसांत हे चाक तिनं चाचपलं, उचललं, आणि बोळा हातात घ्यायचं तिच्यातून निघून गेलं. वर वार्निश चढलं. ती विसरली, चाकानं मात्र धरून ठेवलं.

आता ती शुश्रूषागृहात होती. घर म्हणजे शेडच्या वरची खोली, दोन खाटा, त्यातली एक नुसतीच अंथरलेली. तिचे कपडे तिच्याबरोबर गेले होते. भिंतीवर दोघांचा एक फोटो होता, पण फोटो काढायचा म्हटलं की आक्का हात पाठीमागे लपवायची, आखूड बोट दिसू नये म्हणून. फोटोत तिला हातच नव्हते. तिचा हात म्हणून जगात जे काही उरलं होतं, ते या चाकावर होतं. आणि चाक नीट करायचं म्हणजे पहिल्यांदा तेच खरवडून काढायचं.

*

बाकीची तीन चाकं त्यानं कामाला घेतली. वार्निश उतरवलं, ब्लास्टिंग केलं, धातू राखाडी उघडा केला. चौथं भिंतीला टेकून उभं राहिलं, बोटं बाहेरच्या बाजूला. येताजाता तो त्याच्याकडे बघायचा. एकदा चहा घेऊन त्याच्यासमोर बसला. कप आपोआप दोन भरले होते. दुसरा गार होऊन गेला, मग तोही त्यानंच प्यायला. शेडमध्ये कॉम्प्रेसर तेवढा अधूनमधून दम टाकायचा. त्याला तो "काय रे बाबा," म्हणायचा. दिवसभरात तोंडातून निघालेले शब्द कधी कधी तेवढेच असायचे.

मग त्याला एक युक्ती सुचली. चाक बदलून द्यायचं. तसलंच, त्याच नक्षीचं दुसरं मिळालं तर तयार करून नर्सबाईंना द्यावं, आणि हे ठेवून घ्यावं. चूक आपली, तेव्हा चाक आपण दिलं तर कुणाचं काय जातंय? त्यानं भंगारवाल्याला फोन केला.

भंगारवाला हा त्याचा जुना दोस्त. तोंडाचा पट्टा असा की बंद करायला बटण नाही. दुसऱ्या दिवशी तो चाक खांद्यावर घेऊन हजर.

"घे. नवरी शोधावी तसं शोधलंय. नाकीडोळी नीटस, गोरीपान, सासरची माणसं मोडीत निघालेली."

धाकट्यानं चाक हुकाला टांगलं आणि लाकडी हातोडीनं हलकेच वाजवलं. चांगलं चाक घंटेसारखं वाजतं, आवाज घुमत राहतो. हे बद्द वाजलं. त्यानं फिरवून फिरवून मागच्या बाजूनं बघितलं. एका दांडीच्या मुळाशी केसाएवढी चीर होती.

"तडकलंय."

"एवढीशी तर आहे. वर पावडरचा रंग मार. बघणाराय कोण?"

"बघणारं कुणी नाही म्हणूनच," धाकटा म्हणाला. "बाई एकटी गाडी चालवते. वेळी-अवेळी."

भंगारवाल्यानं मान खाजवली. "या नक्षीची आता येत नाहीत बाबा. हेच जिवावर उदार होऊन मिळवलं. पण तुझ्याकडे आहे ना तिचं चाक? तेच कर की सरळ. गंज तर आहे नुसता." तो भिंतीशी गेला. वाकला. बोटं बघितली. बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"आक्काबाईंचा हात?" त्यानं विचारलं.

धाकट्यानं मान हलवली.

"असं होय," भंगारवाला हळू म्हणाला. मग टांगलेलं चाक काढून त्यानं परत खांद्यावर घेतलं, आणि पट्टा बंद ठेवूनच गेला. असं आजवर कधी झालं नव्हतं.

*

रविवारी धाकटा शुश्रूषागृहात जायचा. या रविवारी त्यानं चाक जुन्या चादरीत गुंडाळलं आणि बरोबर घेतलं. कशाला, हे त्यालाही नीटसं सांगता आलं नसतं. वाटत होतं की आक्काचा हात त्यावर एकदा ठेवावा. बोटात बोट बसेल. डोळ्यांनी त्याला ओळखणं तिनं सोडलं होतं. हात कदाचित हाताला ओळखेल, आणि मग तिथून चालत चालत तिला तो सापडेल.

दाराशी तिथल्या मावशी भेटल्या. "लोक फळं आणतात, फुलं आणतात. तुम्ही हे काय आणलंत, चाक?"

"पळून जायचं म्हणाली तर सोय हवी," तो म्हणाला. मावशी खो खो हसल्या.

आक्का खिडकीशी बसली होती. मांडीवर रुमालांचा ढीग, एकेक उलगडायचा नि पुन्हा घडी घालायची. त्याला बघून म्हणाली, "आलात का? बसा. पंखा अजून घरघरतोय बघा."

ती त्याला पंखेवाला समजायची. पूर्वी 'अरे गाढवा'शिवाय वाक्य सुरू न करणारी आक्का आता त्याला अहो-जाहो करायची, परक्या माणसाला करावं तसं, गोड आणि लांबून. पहिल्या वेळी त्यानं समजूत घालायचा प्रयत्न केला होता. मग ती रडवेली झाली होती. तेव्हापासून तो खिशात स्क्रूड्रायव्हर घेऊनच यायचा. खुर्चीवर चढून तोच स्क्रू पिळायचा, पिळून उतरायचा.

आजही उतरला. मग चादर सोडून चाक तिच्यासमोर स्टुलावर ठेवलं.

"हे पंख्याचं का?"

"चाक आहे. जरा बघता का?"

"मला मेलीला काय कळतंय त्यातलं." आणि ती रुमालाकडे वळली. पण डावा हात रुमालावर राहिला आणि उजवा मात्र आपला आपण उठला. आधी चाकाच्या मध्यावर टेकला, मग एका दांडीवरून हळूहळू सरकत कडेला आला. आक्कानं डोळे मिटले. हात कडेवरून फिरत फिरत त्या बोटांपाशी आला.

पण तो त्यावर टेकला नाही. नखानं तिनं तिथं खरवडलं, एकदा, दोनदा. पांढरी पूड नखात घेऊन नाकाशी नेली. डोळे उघडले तेव्हा कपाळाला आठी होती. कामाच्या वेळची, चाक परत घासायला लावणारी.

"कुणी केलं हे?"

त्यानं चाक जरा उजेडाकडे वळवलं.

"हात लागलाय इथं. उघडा हात. आणि पुसलेलं नाही. कुणी केलं हे काम, विचारतेय मी!"

"मी," धाकटा म्हणाला.

"शिकलास कुणाकडे?"

"बहिणीकडे."

"मग तिची तरी लाज राखायची. एवढं शिकवलं तिनं, आणि पुसायला काय झालं होतं? हात मोडला होता?"

"चुकलं."

"चुकलं म्हणे." तिनं अंगठ्याची जागा चाचपली. "टायरची कड बसते तिथंच. हवा जात असेल."

"जाते. नर्सबाईंची गाडी आहे. आजारी माणसांकडे जातात त्या."

"अरे देवा. मग तू चाक घेऊन भटकतोस काय? काढ हे सगळं."

त्यानं घसा साफ केला. अनेक दिवस मनात घोळवलेलं होतं ते एकदा बोलून टाकावं म्हणून म्हणाला, "नुसता अंगठ्यापुरता भाग साफ केला तर? हवा थांबेल. वरची बोटं... राहू दिली तर?"

आक्कानं त्याच्याकडे असं बघितलं की जणू त्यानं तापलेल्या भट्टीत हात घालायची परवानगी मागितली.

"राहू दिली तर? कशाला? गंज आहे तो. आज बोटाएवढा आहे, उद्या पंजाएवढा होईल, आतून चालत राहील. आवडला म्हणून गंज कुणी पाळतं का रे?"

"नाही," तो म्हणाला.

"आणि वर काय देणारेस?"

"त्यांना चकचकीत हवंय. लेथवर कापून, वर वार्निश. पूर्वी होतं तसं." आक्काला स्वतःला तसलंच आवडायचं. लेथवरून उतरलेल्या चाकात तोंड बघून ती केस सारखे करायची.

"चिखलामातीत फिरणाऱ्या बाईला आरसा कशाला? एक खडा उडाला की मरतो तो. आणि किती वेळा कापणार, चाक झिजून जाईल. ऐक. आधी कोरडंच भाज, ओतीव धातूच्या पोटातली हवा नि तेल निघून जाऊ दे, नाहीतर वर फोड येतात. मग अस्तराची पावडर, मग राखी रंग, वर बिनरंगाची पावडर. प्रत्येक थर नीट भाजून. आणि चाक गाडीला जिथं टेकतं तिथं पट्टी लावून झाक, तिथं रंग नको, बोल्ट ढिले पडतात. दिसायला साधं दिसेल. दिसू दे. बाईला चाकाची कधी आठवणच येता कामा नये, तेव्हा ते चाक चांगलं."

एवढं सगळं ती एका दमात बोलली, एकही शब्द न अडखळता. धाकटा ऐकत राहिला. मध्ये ती थांबेल, त्याच्याकडे बघेल, आणि पुढचा शब्द त्याचं नाव असेल, असं त्याला वाटत राहिलं.

ती थांबली. बोटाला लागलेल्या पांढऱ्या पुडीकडे तिनं बघितलं. ती कुठून आली ते न कळल्यासारखं. रुमालाला बोट पुसलं. रुमालाची घडी घातली.

"पंख्याचं झालं ना?"

"झालं."

"मग एवढं करा, जरा थांबा. माझा धाकटा येईल इतक्यात. रविवारी येतो तो. तुम्हाला जाताना चहा पाजेल."

"थांबतो," तो म्हणाला.

आणि तो थांबला. तीही दाराकडे बघत राहिली, तोही. ऊन खिडकीतून निघून भिंतीवर गेलं. मावशी दिवा लावायला आल्या, तेव्हा आक्का म्हणाली, "गाडी चुकली असेल त्याची. वेंधळा आहे." मग कुशीवर वळून झोपली. धाकट्यानं चाक चादरीत गुंडाळलं, आवाज न करता.

*

सोमवारी त्यानं वार्निश उतरवलं. मग चाक ब्लास्टिंगच्या पेटीत ठेवलं. पेटीला समोर काच, काचेखाली दोन भोकं, भोकांना आतून कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे. त्यानं त्यात हात घातले, दिवा लावला, नळी धरली. पायाखालचं पॅडल दाबायचं तेवढं राहिलं. काचेपलीकडे चार बोटं त्याच्याकडे वळलेली होती. वार्निश गेल्यावर ती जास्तच उघडी दिसत होती, थंडीत हात बाहेर राहिल्यासारखी.

एकदा त्याला वाटलं, रबरातून का होईना, त्यावर आपला हात ठेवावा. त्यानं ठेवला. रबर जाड होतं. काहीच कळलं नाही.

त्यानं पॅडल दाबलं.

दाण्यांचा फवारा धातूवर आपटला नि शेड आवाजानं भरून गेली. त्यानं अंगठ्यापासून सुरुवात केली, हवा जात होती तिथून. अंगठा पुसट झाला, गेला. मग करंगळी. मग तिच्या शेजारचं, मग तर्जनी. गंज खोल गेला होता तिथं नळी जवळ धरावी लागली, रेंगाळावं लागलं, आणि त्यानं रेंगाळत केलं. कामाला लागतो त्यापेक्षा थोडं जास्तच. आखूड बोट सगळ्यांत शेवटी राहिलं. ते घालवताना काच आतून धुळीनं धुरकटली, आणि नेमकं कधी गेलं ते त्याला दिसलंच नाही. त्यानं पॅडल सोडलं, धूळ खाली बसू दिली. कडेवर सगळीकडे एकसारखा राखाडी रंग होता.

पुढचं काम आक्कानं सांगितलं त्या क्रमानं. खड्डा राहिला होता तो भरून घासला. धुतलेले कोरडे हातमोजे घातले, थिनरच्या बोळ्यानं चाक पुसलं, एकदा उलट्या हातानं, एकदा सुलट्या. कोरडं भाजलं. गार झाल्यावर पट्ट्या लावल्या. मग अस्तर, मग राखी पावडर. कोरडी, पिठासारखी, फुंकर घातली तर उडून जाईल अशी. हुकाला धरून चाक भट्टीत टांगलं, दार लावलं.

तेवढ्यात फोन वाजला. नर्सबाई.

"धाकटे, लोखंडी चाकांनी माझे दात खिळखिळे झालेत हो. कधी देताय?"

"बुधवारी या. पण चकचकीत नाहीयेत. राखी केलीत, साधी. खडे लागले, चिखल लागला, तरी काही होणार नाही. फडकं मारलं की झालं."

"साधी?" बाई जराशा हिरमुसल्या. "पण पेशंटच्या दारात..."

"पेशंटच्या दारात तुम्ही वेळेवर पोचाल."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. "हे मात्र खरं. बरं, पक्कं सांगा, या वेळी टिकेल ना? पुन्हा तसला गंज नाही येणार?"

"नाही येणार," धाकटा म्हणाला. "या वेळी कुणाचा हात लागू दिलेला नाही."

"मग झालं तर," बाई म्हणाल्या, आणि त्यांना कुणीतरी आतून हाक मारली तसा घाईनं फोन बंद केला.

धाकट्यानं फोन बाकावर ठेवला. भट्टीच्या दाराला हाताएवढी काच होती. तिच्यातून बघितलं तर आतली पावडर वितळायला लागली होती. खरबरीतपणा जाऊन तिच्यावर ओलसर तुकतुकी येत होती, हळूहळू, कडेपासून मध्यापर्यंत. ती सगळीकडे पोचेपर्यंत उभं राहायची गरज नसते, घड्याळ लावून दुसरं काम करता येतं. तो उभा राहिला.